वाळूनं घासलेला ढोल

बोडीटोला, ता. मूल
१२ नोव्हेंबर २०२४

चि. दामिनीले रुखमाबाईचा आशीर्वाद. करिष्माले पापा. मिथुनले सांग, भाऊ रोज एक डाव तरी नाव काढते.

पत्रास कारण की तू फोन उचलत नाई. सात डाव लावला. आठव्या डावाले तो बंद आहे म्हणून त्यातली बाई बोलली. मंग मैनाच्या घरून वहीचं पान आणलं. तिचा भाऊ सुकलू मूलवरून रोज गाडीनं तुया बल्लारपूरले कामाले जाते, त्याच्या हाती हे पाठवून राह्यली. चौथीतच माझी शाळा सुटली, अक्षर वाकडं आहे. समजलं नाई तर दुसऱ्याले नको दाखवू, तूच दोनदा वाच.

इथी सारं ठीक. धान कापून झालं, बांधायचं राह्यलं आहे. मिथुनच्या भावाचा, आमच्या धन्याचा, गुडघा सुजला, तरी तळ्यात उतरल्याशिवाय त्याइले चैन नाई. मागच्या आठवड्यात तळ्याच्या पाळीवर वाघ बसून होता, सकाळची जाळी दुपारी काढली. मंडईची जत्रा झाली. करिष्मासाठी रेवड्या घेऊन ठेवल्या होत्या. मुंग्या लागल्या. फेकल्या.

आता कामाचं.

तू गेल्यावर आपल्या बायाइच्या गटानं पुन्हा खिमा पाठवला. मशीन आणलं तवा तूच म्हणली होती की मिरगलसारखी काट्याची मासोळी कोणी घेत नाई, काटे काढून खिमा केला तर नागपूरचे लोक वड्या करून खातील. तर नागपूरच्या व्यापाऱ्यानं हा बी माल वापस केला. तपासणीत जंतू जास्त निघाले. पह्यल्यापेक्षा जास्त. तू नव्हती तवाचा माल होता हा. हे तुले कळलं पायजे म्हणून लिहिलं. पुढं चल.

व्यापारी म्हणते, तिसरा डाव देतो, चौथा नाई. म्हणून चंद्रपूरवरून साधना मॅडमले बोलावलं. कॉलेजात जंतू तपासायचं काम करतेत. बारीक बाई आहे, चहात साखर घेत नाई, पण कामाले खमकी. आल्या तशा पिशवीतून कापूस लावलेल्या काड्या काढल्या अन् साऱ्या शेडमधी पुसत फिरल्या. मशीनच्या जाळीवाल्या ढोलाले पुसलं, पट्ट्याले पुसलं, ट्रेले पुसलं, बुधरीच्या सुरीले बी सोडलं नाई. एकेक काडी एकेका शिशीत. मी म्हटलं, मॅडम, आधी हात पाहा ना साऱ्या बायाइचे. तर म्हणाल्या, “हातबी पाहू. पण हात माणूस दिवसातून दहा वेळा धुते. मशीनच्या कोपऱ्याले कोण धुते?”

मले असं उलटं बोललेलं आवडत नाई, तुले माहीत आहे.

त्या म्हणतेत, मासोळीले ढोलावर दाबते तो रबराचा पट्टा खोलून त्याच्या खाली पाहायचं आहे. ते इथी कोणाले जमत नाई. मैनानं पाना लावला तर नट फिरत राह्यला. तुले नागपूरच्या ट्रेनिंगात शिकवलं होतं. कसा खोलायचा ते लिहून सुकलूजवळ दे. बाकी काई नको.

तुझी मोठी जाऊ,
रुखमाबाई

मागून लिहिते: बोट भरलं का.


बोडीटोला
२५ नोव्हेंबर २०२४

चि. दामिनीले आशीर्वाद.

चिठ्ठी मिळाली. पट्ट्याचं चित्र चांगलं काढलं, शेंबड्या पोराले बी समजन असं. आधी डावीकडचा नट ढिला करायचा, मंग ताण सोडायचा. आमी उजवीकडून भिडलो होतो. चिठ्ठीत माझं नाव नाई, तुझं बी नाई. असो. बोटाचं काई लिहिलं नाई. भरलं असन.

आता ऐक, त्या दिवशी काय झालं ते.

मैनानं पट्टा उतरवला. मी खाली हात घातला तर बोटं घसरली. तळं आटलं की दगडावर हिरवं बुळबुळीत राहते ना, तसं. फक्त हिरवं नाई, राखाडी. नखानं ओढलं तर सालीसारखं निघालं. अन् वास असा की बुधरी नाकाले पदर लावून बाहेर गेली अन् तिथूनच म्हणली, “बाई, आपण हे लोकाइले खाऊ घातलं.” दोन वर्षं आपण त्या मशीनले रोज धुतलं, दामिनी. एक दिवस चुकवला नाई. उकळतं पाणी, ब्लीचिंग पावडर, सारं केलं.

मॅडमले मी तेच म्हटलं. रोज उकळतं पाणी ओततो, मंग जंतू जगते कसा? त्याइनं भांडण नाई केलं. दोन ताटल्या मागितल्या. दोन्हीले खिमा फासला. एकीवर थंड पाणी सोडलं, खिमा सरकत सरकत वाहून गेला. दुसरीवर आपलं उकळतं पाणी ओतलं, खिमा पांढरा झाला अन् ताटलीले चिकटून बसला, तव्यावर अंडं बसते तसा. मंग म्हणाल्या, “आता हा निघते का पाहा.” मी काथ्या घेऊन भिडली. निघाला, पण बारीक पापुद्रा राह्यलाच. म्हणाल्या, रोज तुम्ही असा एक पापुद्रा मशीनमधी शिजवून ठेवता, अन् जंतूले तेच घर.

मले वाटे जंतू म्हणजे धुळीसारखं काई असन, आलं अन् गेलं. तसं नाई म्हणे. ते पोलादाले धरून बसते, डिंकासारखं चिकट सोडते, त्याखाली दडते, अन् आणखी आणखी येऊन बसते. पावडरीचं पाणी टाकलं तर ते वरच्या चिकटाशीच भांडून थकते, खालचे सलामत. म्हणून आधी थंड पाणी, मंग कोमट पाण्यात साबण घेऊन ब्रशनं तो थर घासून काढायचा, धुवायचं, अन् सारं निघाल्यावरच पावडरीचं मोजलेलं पाणी लावून दहा मिनिटं ठेवायचं. शेवटी वाळू द्यायचं. ओलं झाकून ठेवलं तर केलेलं सारं पाण्यात.

मैना म्हणली, “म्हणजे आपल्या रुखमाबाईसारखे. एका जागी बसले की हालत नाईत.” साऱ्या हसल्या. मॅडम बी हसल्या. मी नाई हसली, पण राग बी नाई आला. माझी तब्येत बिघडली असन.

मंग चार दिवसांनी मॅडम काचेच्या बशा घेऊन आल्या. काड्यांवरचे जंतू त्यात वाढवले होते, एकेक ठिपका म्हणजे एकेकाचं गाव. ढोलाच्या बशीत ठिपके असे की मोजता येत नाई, पिठलं सांडल्यासारखं. पट्ट्याची तशीच. मंग त्याइनं एक बशी काढली, जवळपास कोरी. विचारलं, चार नंबरचा ट्रे कोण धुते?

तो तुझा ट्रे. ज्याले तू मले हात लावू देत नव्हती. तू गेल्यावर मैनाच धुते, तुयाच ब्रशनं, तुयासारखी हळूहळू. मैनानं सांगितलं की दामिनी धुवे, आता मी धुते. मॅडम म्हणाल्या, ज्यानं हे शिकवलं त्या बाईले बोलवा.

साऱ्या माया तोंडाकडं पाहायले लागल्या. मी ढोलाकडं पाहिलं.

ढोल हातात घेऊन मॅडमनं मोबाईलचा उजेड टाकला. मले दाखवलं. वरून आरशासारखा, पण उजेड आडवा पाडला की साऱ्या रेघाच रेघा. जाळीच्या भोकाभोकाशी चरे. विचारलं, “याले कशानं घासलं?” मी म्हटलं, वाळूनं. तळ्याच्या. आमी साऱ्याच भांड्याले वाळू लावतो, आमच्यात रीतच आहे, आमच्या मायनं बी वाळूनंच घासलं. त्या म्हणाल्या, पितळेच्या हंड्याचं ठीक आहे, त्यात पाणीच भरायचं. इथी मासोळीचा रस जाते. एकेका चऱ्यात तो बसते, तिथी ब्रशचा केस पोचत नाई.

मले धानाची बांधी दिसली, खरं सांगते. आपण पोलादात नांगर घातला, पाणी भरलं, अन् जंतूनं येऊन रोवणी केली. अन् वरून आपणच खत टाकलं.

तुले आठवते, तू लग्न होऊन आली त्या आठवड्यात मी तुले घाटावर नेलं होतं, हंडा दिला अन् म्हटलं, घास. तोंड दिसलं पायजे. तू तीन डाव घासला. तिसऱ्या डावाले मी त्यात माझं तोंड पाहिलं अन् तुले पास केलं. मले बी माया सासूनं तसंच केलं होतं. चमकते ते साफ, एवढंच आमाले कोणी शिकवलं. मंग त्यात माझं काय चुकलं?

तुया चिठ्ठीत शेवटी एक ओळ होती, रेघ मारून. “घासताना वाळू वापरू नये.” मी चिठ्ठी साऱ्याइले वाचून दाखवली. ती ओळ नाई वाचली.

आणखी एक. मॅडमनं सांगितलं की ढोल फेकायची गरज नाई, पॉलिश करून चरे काढता येतेत. तसं काम बल्लारपूरच्या एका वर्कशॉपात होते. शुक्रवारी मी पोत्यात ढोल बांधून गाडीत बसली. वर्कशॉपवाल्यानं चार तास सांगितले. चार तास मी काय करू? सुकलूनं तुया गल्लीची खूण सांगितली होती, पिठाची चक्की, मंग डावीकडं. चक्कीपर्यंत आली. पुढं निळ्या दाराशी करिष्माचा लाल फ्रॉक वाळत होता. ओळखला मी. मीच शिवलेला, खाली झालर लावून वाढवला आहे तू. पोर उंच झाली असन.

चक्कीवरून परतली. स्टेशनवर जाऊन बसली. काऊन परतली ते विचारू नको.

ढोल चांगला झाला आहे.

रुखमाबाई


बोडीटोला
९ डिसेंबर २०२४

दामिनी,

परवा फोन करिष्मानं उचलला. म्हणली, मोठी आई, मले दोन दात नाईत. मी म्हटलं, मले बी दोन नाईत. तिले हसू आलं. मागं तू भांडी ठेवून राह्यली होती, आवाज आला. तू फोन हिसकला नाई. पोरगी सारं बोलली, शाळेचं, मांजरीचं, अन् तू मागं होती. मंग तिनंच ठेवला. त्याच जोरावर हे पत्र लिहून राह्यली. नाईतर दुसरं पत्र पाठवल्यावर मी ठरवलं होतं की आता बस.

दुसऱ्या पत्रात मी तुले विचारलं, माझं काय चुकलं. तुनं उत्तर नाई दिलं. द्यायची गरज नाई. मले माहीत आहे, अन् तुले बी माहीत आहे. पण आजवर लिहिलं कोणी नाई. तर लिहिते.

तो पह्यला वापस आलेला माल, श्रावणातला. आदल्या दिवशी पाच वाजता तुनं मशीन धुतलं, पुसलं, वाळू दिलं, कापड टाकलं, वहीत सही केली अन् घरी गेली. पोरीले ताप होता तुया. मागून मी आली. कापड उचलून पाहिलं. ढोल मले मळकट दिसला. चमक नव्हती. मी मनात म्हटलं, ट्रेनिंग करून आली अन् कामचोर झाली. तू सांगितलं होतं मले, एक डाव नाई, तीन डाव, की बाई, याले वाळू चालत नाई. मी म्हटलं होतं, मोठी आली शिकवणारी. मंग पाळीखालून टोपलंभर वाळू आणली. काथ्या घेतला. दिवस बुडेपर्यंत घासला. उकळतं पाणी ओतलं. ओलाच झाकला.

सकाळी तू आली. कापड काढलं. ढोलाकडं पाहिलं, मंग माया हाताकडं पाहिलं. नखात वाळू होती. तू काई म्हणली नाई. पुन्हा धुवायले वेळ नव्हता, मासोळी येऊन पडली होती.

माल वापस आला. बैठक झाली. चौदा बाया. बुधरीनं वही उघडून विचारलं, शेवटी कोणी धुतलं. वहीत तुझी सही. तवा मले बोलता आलं असतं. माया तोंडात होतं सुद्धा. मी तुया तोंडाकडं पाहिलं. मले वाटलं तू बोलशील, बाईनं मागून घासला म्हणून. तू बोलली असती तर मी भांडली असती अन् तिथंच सारं मोकळं झालं असतं. तू नाई बोलली. चार बायात मोठ्या जावेले खोटं पाडत नाईत, हे बी मीच तुले शिकवलं होतं.

तू चूप बसली, अन् मले तुया त्या चूप बसण्याचा राग आला. का आला ते तवा समजलं नाई. आता समजते. तू मले झाकून राह्यली होती अन् ते मले दिसत होतं.

मंग मी तुझा हात धरला. बोट वर केलं, मासोळीच्या पराचा काटा लागून पिकलेलं, अन् म्हटलं, “हे पाहा. हे असं बोट घेऊन ही खिम्यात हात घालते. म्हणूनच मी घरी हिच्या हातचं खात नाई.”

हे सारं लिहायले मले दोन दिवस लागले. तू हातमोजे घातल्याशिवाय मशीनले शिवत नव्हती, हे मले माहीत होतं. घरी मी तुयाच हातचं खात होती, आठ वर्षं. त्या दिवशी सकाळी बी खाल्लं होतं. फक्त माझी चूक पुसायले काई पायजे होतं अन् तुझं बोट समोर दिसलं.

मिथुननं त्याच आठवड्यात सामान बांधलं. मी त्याले बायकोचा गुलाम म्हटलं. त्यानं चांगलं केलं, सांग त्याले. त्याचा भाऊ मले तवापासून दोनच शब्द बोलते, जेवण अन् जाळं.

आता इथलं ऐक. हे तुले ऐकायलेच पायजे.

शुक्रवारी बैठक होती. तिसरा माल सोळा तारखेले जायचा आहे, म्हणून साऱ्या आल्या होत्या, साधना मॅडम बी होत्या. मी उभी राह्यली. तुझी चिठ्ठी काढली अन् शेवटची ओळ वाचली, जी मी खाल्ली होती. मंग हे सारं सांगितलं, आता लिहिलं तसंच. कमी नाई केलं. बोटाचं बी सांगितलं, वहीचं बी.

मंग मैना म्हणली, “तीन महिने आमी त्या पोरीले नावं ठेवली रुखमाबाई. आता ती समोर आली तर आमी आमचं तोंड कुठी ठेवू?” मी म्हटलं, माया मागं ठेव. बुधरी म्हणली, “तुयासारख्या बाईले तर त्या पट्ट्याखाली घालायले पायजे.” बुधरीचं वय झालं आहे, तिले कोणी काई म्हणत नाई. पण जाताना तिनंच माया हातात चहा दिला. साखर नव्हती टाकली, मॅडमचा उचलून दिला असन.

शेडची किल्ली मैनानं मागितली. दिली. दोन वर्षं ती माया कमरेले होती. आता मी बाहेर खवले काढायले बसते, बाकीच्या बायांसारखी. बरं आहे तिथी. ऊन येते.

अन् मशीनचं. पंधरा दिवस मैनानं तुया चित्रासारखा पट्टा रोज खोलला. थंड पाणी, साबण, ब्रश, पुन्हा पाणी, मंग पावडरीचं पाणी मोजून, घड्याळ लावून. घाई करायले लागली की बुधरी मोठ्यानं मिनिटं मोजते. पह्यले दोन दिवस मले वेड लागायची पाळी आली, एवढा वेळ धुणं पाहून. शनिवारी मॅडमनं नव्या बशा आणल्या. ट्रेची कोरी. पट्ट्याची दोन ठिपके. ढोलाची पाच. पाच, दामिनी. मॅडम म्हणाल्या, पंधरा निघाले असते तरी मी खुश झाली असती. मी त्याइच्या हातून बशी घेतली, उजेडात धरली अन् पुन्हा मोजले. पाचच होते. चमक काई खास नाई त्या ढोलाले आता. तोंड दिसत नाई. साऱ्या बाया नाचायच्या बाकी होत्या अन् मी बाहेर येऊन रडली. मैनानं पाहिलं. ती साऱ्या गावाले सांगन, म्हणून आधी मीच तुले सांगते.

मॅडमचं म्हणणं आहे की पंधरा दिवस सारेच नीट करतेत. खरी गोष्ट सहाव्या महिन्यात समजते, जवा कंटाळा येते, पाणी कमी येते, कोणी तरी म्हणते आज राहू दे. तवा तिथी असा माणूस पायजे ज्याले हे का करायचं ते माहीत आहे अन् जो मोठ्या बाईले बी नाई म्हणू शकते. साऱ्याइनं तुझं नाव घेतलं. मी नाई घेतलं. माया तोंडून ते नाव यायचा हक्क राह्यला नाई असं वाटलं. पण हात वर केला, सर्वात आधी.

तर असं आहे. गटानं तुले बोलावलं आहे, ते मैना वेगळं लिहीन. हे माझं आहे. तुले तिकडं जम बसला असन, पोरीची शाळा लागली असन, मिथुनले काम असन, तर नको येऊ. तिकडं राहून आठवड्यातून एक दिवस आली तरी चालन, गाडी आहेच. घरी उतरायचं नसन तर मैनाकडं उतर. मी दारात उभी राहून पाहणार नाई. पण आली तर एक ऐक. धुवायच्या कामावर मले बी घे. तुया हाताखाली. तू सांगशील तेवढा वेळ, तू सांगशील त्या ब्रशनं. मी चुकली तर साऱ्या बायांसमोर म्हण की बाई, चुकली. तू म्हणायचं अन् मी ऐकायचं. मले सवय नाई. लागन.

मिथुनचा भाऊ आता आत आला होता. विचारलं, कोणाले लिहितेस? मी म्हटलं, मिथुनच्या बायकोले. आज ते तीन शब्द बोलले. म्हणाले, नीट लिही जरा.

नीट म्हणजे काय लिहू. एक गोष्ट मी आजवर कोणाले म्हटली नाई, नवऱ्याले नाई, सासूले नाई. लिहिता येते का पाहते.

माफ कर.

लिहिता आलं. आता तू समोर आली की तोंडानं बी म्हणीन, मैना ऐकत असली तरी.

रुखमा